परभाषी सिनेमे सुचवा, पण सबटायटलमधून निसटलेल्या एका जागेसकट

रातकिडा:

काल रात्री 'द लाइव्हज ऑफ अदर्स' (२००६) तिसऱ्यांदा पाहिला. पूर्व जर्मनीतला श्टाझीचा, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचा अधिकारी, एका नाटककाराच्या घरात चोरून बसवलेले माइक, आणि माळ्यावर कानाला हेडफोन लावून बसलेला हा माणूस. कथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून ती सांगत बसत नाही. मला त्यातल्या लिफ्टबद्दल बोलायचंय.

अधिकारी लिफ्टमध्ये शिरतो. मागोमाग चेंडू घेऊन एक पोरगा. पोरगा विचारतो, खरंच श्टाझीत का? अधिकारी म्हणतो, श्टाझी म्हणजे काय ते तुला माहितेय? पोरगा सांगून मोकळा होतो: बाबा म्हणतात ती वाईट माणसं असतात, लोकांना तुरुंगात टाकतात. झालं, अधिकाऱ्याच्या तोंडून सवयीने निघतं, "नाव काय रे तुझ्या..." आणि तो थांबतो. "माझ्या कशाचं?" दोन क्षण नुसतेच जातात. मग, "चेंडूचं. तुझ्या चेंडूचं नाव काय?"

इंग्रजी सबटायटलमध्ये इथे 'युअर' आहे, आणि ते कशालाही चिकटतं. जर्मनमध्ये तो 'दाइन' म्हणून थांबतो. बाप पुल्लिंगी, चेंडूही पुल्लिंगी, म्हणून माघार घ्यायला वाट उरते. पोराच्या हातात स्त्रीलिंगी वस्तू असती तर 'दाइने' लागलं असतं आणि साहेब अडकले असते. आपल्याकडे 'तुझ्या' म्हटलं की पुढे बाप, आई, चेंडू, काहीही येऊ शकतं. मराठीत हा प्रसंग आपसूक जमतो, इंग्रजीत तो नुसता कळतो.

तर धाग्याची अट ही. एक सिनेमा सुचवा आणि त्यातली एक जागा सांगा: सबटायटलमधून निसटलेली, किंवा जिथे सबटायटल लागलंच नाही अशी. 'मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत' छापाच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे आहेत आणि सगळ्या सारख्याच. आपण बहुतेक जण परभाषी सिनेमा इंग्रजीतून वाचतो. म्हणजे इटालियन नाहीतर जपानी माणूस आपल्याकडे येतो तो तिसऱ्याच्या घरावरून. वाटेत काय काय सांडलं ते गोळा करू.

अर्धविराम:

सुरुवात नावापासून करतो. व्हित्तोरिओ दे सिकाचा १९४८चा सिनेमा. इटालियन नाव 'लाद्री दी बिचिक्लेत्ते', म्हणजे चोरही अनेक आणि सायकलीही अनेक. अमेरिकेत तो लागला तेव्हा नाव झालं 'द बायसिकल थीफ', एकवचनी. म्हणजे तिथला प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून 'तो' एक चोर शोधत बसला. अनेकवचन का आहे हे शेवटच्या दहा मिनिटांत कळतं आणि छातीत काहीतरी तुटतं. पुढे इंग्रजीतही 'थीव्हज' रूढ झालं.

आता मराठीत म्हणा: सायकलचोर. एक की अनेक? पत्ता लागत नाही! दे सिकाला इतकी सोयीची भाषा मिळायला हवी होती.

बिनसबटायटलची जागा: नोकरीसाठी सायकल हवी, सायकल गहाण, ती सोडवायला पैसे नाहीत. बायको तडकाफडकी पलंगावरच्या चादरी ओढते, धुते, बांधते आणि गहाण ठेवायला नेते. खिडकीतून पैसे मिळतात. मग तिथला माणूस ते गाठोडं घेऊन मागे जातो आणि फळ्यांवर चढायला लागतो. चढतोच आहे. कॅमेरा वर वर जातो तसं दिसतं, छतापर्यंत अशीच गाठोडी. शहरातल्या सगळ्या चादरी तिथे. कुणी एक शब्द बोलत नाही. गरिबी दाखवायला याहून चांगला शॉट मी पाहिलेला नाही. (नायकाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी खरोखर कारखान्यातला कामगार होता.)

खिडकीतली सीट:

झकास धागा. माझ्याकडून इराण.

इराणी सिनेमाची नावं इंग्रजीतून वाचणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून शिरणं. अब्बास किआरोस्तामीच्या १९८७च्या सिनेमाचं फारसी नाव 'खाने-ये दूस्त कोजास्त'. खाना म्हणजे घर, आपल्या कारखाना-दवाखान्यातला. दूस्त तर दोस्तच. 'कुठे आहे' एवढंच शिकायचं. माजिद माजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) मुळात 'बच्चेहा-ये आसेमान'. आभाळाची पोरं! 'हेवन' म्हटलं की पंख फुटतात, आभाळाच्या पोरांचे पाय मात्र मातीत राहतात, आणि तो सिनेमा पायांचाच आहे. असगर फरहादीचा 'अ सेपरेशन' (२०११) म्हणजे 'जोदाई-ये नादेर अज सिमिन'. नादेरची सिमिनपासून जुदाई. सेपरेशन कोर्टात होतं हो, जुदाई घरात होते. त्या सिनेमात दोन्ही आहेत, इंग्रजी नावात एकच उरलं.

माझी जागा 'खाने-ये दूस्त'मधली. अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही आलीय. मास्तरांनी मित्राला दम भरलाय, पुन्हा गृहपाठ वहीत नसला तर शाळेतून काढीन. अहमद आईला सांगायला जातो. आई अंगणात धुणं धुतेय, तान्हं बाळ रडतंय. हा म्हणतो, वही द्यायला जाऊ? ती म्हणते, आधी अभ्यास, मग खेळ. हा म्हणतो, खेळायला नाही, वही द्यायला. ती म्हणते, बाळाकडे बघ. हा परत. ती परत. किती वेळ चालतं हे! आई दुष्ट नाही, तिचे हात पाण्यात आहेत आणि डोक्यात सतरा कामं. पोराचं वाक्य तिच्या कानापर्यंत जातं, आत जात नाही. तिसऱ्या खेपेनंतर मी सबटायटल वाचणंच सोडलं. काय बोलतायत ते पाठ झालं होतं, लहानपणापासून.

कासव:

कबूल करून टाकतो: हे सगळे मला झोप आणतात. किआरोस्तामीचाच एक लावला होता, गाडी वळणावळणाने चाललीय, चाललीय, आणि मला जाग आली तेव्हाही चाललेलीच होती. जरा पळणारं काही आहे का? आणि दोन तासांच्या आतलं. कामावरून येऊन तीन तासांचा सिनेमा म्हणजे दुसरी पाळी.

ठोकताळा:

कासवराव, नाव सार्थ करताय की उलटं, कळेना. घ्या: 'रन लोला रन' (१९९८), जर्मन, दीड तासाच्याही आत. वीस मिनिटांत एक लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) उभे करायचे नाहीतर प्रियकर मेला. पोरगी पळते, आणि एकदा नव्हे, तीनदा. सबटायटल बंद केलं तरी चालेल.

'द सीक्रेट इन देअर आइज' (२००९), अर्जेंटिना, हुआन होसे कांपानेल्ला. दोन तासांहून थोडा मोठा आहे, माफ करा, पण खुनाचा तपास आहे, झोप येणार नाही. त्यात फुटबॉलचं स्टेडियम आकाशातून दिसतं, कॅमेरा खाली येतो, गर्दीत शिरतो, संशयिताच्या मागे जिन्यांतून, बोळांतून पळत पार मैदानात उतरतो, आणि हे सगळं एका अखंड शॉटसारखं दिसतं. निसटलेली जागा मात्र वेगळी. नायक झोपेतून उठून कागदावर एक शब्द खरडतो: तेमो. स्पॅनिशमध्ये 'मला भीती वाटते'. त्याच्या जुन्या टाइपरायटरचं 'ए' (A, स्पॅनिशमध्ये उच्चार 'आ') हे अक्षर चालत नसतं. आता तेमोच्या मध्ये एक 'ए' घाला. ते आमो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

सबटायटलवाला यात काय करणार? कपाळाला हात लावणार.

पानगळ:

अहो ठोकताळा!! स्पॉयलरची सूचना तरी द्यायची! मी हा याच आठवड्यात बघणार होते.

ठोकताळा:

पानगळताई, माफी. पण खुनी कोण ते नाही सांगितलं. एक अक्षर सांगितलं फक्त.

पानगळ:

तेच अक्षर नेमकं! असो. माझ्याकडून 'रॅम्स' (२०१५), आइसलंड. दोन सख्खे भाऊ, शेजारी-शेजारी मेंढपाळ, चाळीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. मेंढ्यांत रोग येतो आणि खोऱ्यातले सगळे कळप मारायचा हुकूम निघतो. आता बोलायचं नाही तर निरोप कसा द्यायचा? एक भाऊ चिठ्ठी लिहितो, कुत्र्याच्या तोंडात देतो, कुत्रा ती पलीकडच्या घरी नेऊन पोचवतो. इतक्या गंभीर सिनेमात तो कुत्रा चिठ्ठी घेऊन निघाला की मला हसू फुटतं आणि लगेच वाईटही वाटतं. दोघांत बोलता माणूस एकच आणि तो कुत्रा.

आइसलँडिकचा एक शब्द मला कळत नाही. अबोला कळतो. 'अबोला' इंग्रजीत एका शब्दात सांगून दाखवा बरं कुणी.

दोनओळी:

वाचत होतो गुपचूप, पण सबटायटलवाल्यावर आलं म्हणून बोलतो. मी काही वर्षं हेच काम केलंय. आमची बाजूही ऐका.

इंग्रजीत ओळीला साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, आणि त्या पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद. पात्र रागात भडाभडा बोलतं तेव्हा त्याचं निम्मं बोलणं आम्ही गाळतो. गाळायलाच लागतं, नाहीतर तुम्ही चेहरा कधी बघणार? विनोदाची ओळ नटाच्या आधी आली की प्रेक्षक आधी हसतात आणि नट बिचारा शांततेत बोलतो. तीही शिवी आम्हालाच.

'पॅरासाइट' (२०१९) सगळ्यांनी पाहिलाय असं धरतो. त्यात बाई फोनवरून एक पदार्थ करायला सांगते, कोरियनमध्ये 'जापागुरी'. दोन वेगवेगळ्या तयार नूडल्सची पाकिटं एकत्र करून होतो, आणि दोन्ही ब्रँडची नावं जोडून हे नाव. बाहेरच्याला काय कळणार? इंग्रजी सबटायटल करणाऱ्या डार्सी पॅकेटने रामेन आणि उदोन ही नूडल्सची दोन नावं जोडून 'राम-डॉन' असा शब्दच बनवला. त्याच सिनेमात मुलीने बनवलेला खोटा दाखला बघून बाप खूश होऊन विचारतो, कागदपत्रं बनवायची पदवी ऑक्सफर्ड देतं का? मूळ कोरियनमध्ये ऑक्सफर्ड नाही, सोल नॅशनल युनिव्हर्सिटी आहे. काही लोक यावर चिडले. मला विचाराल तर बरोबर केलं. विनोद जागच्या जागी फुटला पाहिजे, तळटीप द्यायला वेळ नसतो.

पण रातकिडा म्हणतात ते एका बाबतीत शंभर टक्के खरं. आमचं खरं मरण 'यू'. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, फारसी, कोरियन, जपानी, या सगळ्यांत समोरच्याला कसं संबोधायचं याचे भेद आहेत. आपल्याकडे तू, तुम्ही आणि वर आपण. इंग्रजीत सपाट मैदान. फ्रेंच सिनेमात दोघं तासभर 'व्हू' म्हणत असतात आणि एका रात्री एकाच्या तोंडून 'त्यु' निघून जातं. कथा तिथे वळते, आणि सबटायटलमध्ये आधीही 'यू', नंतरही 'यू'. मग आम्ही चलाखी करतो. आधी 'सर', 'मॅडम' घालतो, नंतर पहिलं नाव घालतो. ती ठिगळंच. तेच थेट मराठीत करायला दिलं तर 'तुम्ही'चं 'तू' करायचं, दोन अक्षरं वाचतात वर!

कधी कधी मात्र सबटायटल झाकणाचंही काम करतं. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) आपण तोंडात बोट घालून पाहिला. पण मँडरिन बोलणारे पुष्कळ प्रेक्षक उच्चारांना हसले, कारण चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, मिशेल येओ मलेशियाची, आणि मँडरिन दोघांचीही रोजची भाषा नाही. आपल्याला त्याचा गंधही नाही. न कळण्याचा फायदा.

कासव:

दोनओळी, तुमच्यावर एक जुना राग आहे (तुमच्यावर नाही, तुमच्या जमातीवर). एकदा एक हंगेरियन सिनेमा लावला होता. वीस मिनिटं मला वाटत होतं, काय प्रयोग आहे! माणसं शेतात उभी आणि बोलतायत पाणबुडीबद्दल. रूपक समजून मी मान डोलावत होतो. मग कळलं, सबटायटलची फाइल दुसऱ्याच सिनेमाची लागलीय.

दोनओळी:

हाहा. त्यात आमचा दोष शून्य. पण वीस मिनिटं तुम्ही जागे होतात, याची नोंद घेतली जावी.

ठोकताळा:

डबिंगचा विषय कुणी काढायच्या आत सांगून ठेवतो. डब केलेला परभाषी सिनेमा बघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात तिसऱ्याचे दात. मूळ आवाज तो मूळ आवाज.

अर्धविराम:

ठोकताळा, हे इतकं सरळ नाही. ज्या इटालियन सिनेमांवर आपण जीव टाकतो त्यांतले कितीतरी स्वतःच डब केलेले आहेत. तिथे चित्रीकरण उरकायचं आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायचा, ही कित्येक दशकं नेहमीची रीत होती. दिग्दर्शक फेलिनी तर नटांना कॅमेऱ्यासमोर संवादांऐवजी आकडे म्हणायला लावायचा, शब्द मागाहून. त्याच्याच 'ला स्त्रादा'मधला (१९५४) साखळी तोडणारा पैलवान म्हणजे अँथनी क्विन, अमेरिकन नट. इटालियन प्रतीत ऐकू येतो तो आवाज त्याचा नाही. आता सांगा, यात मूळ आवाज कोणता?

याहून टोचणारं उदाहरण उस्मान सेंबेनचं. सेनेगलचा दिग्दर्शक, १९६६चा 'ब्लॅक गर्ल', जेमतेम तासाभराचा. दिउआना नावाची मुलगी डाकारहून फ्रान्सला जाते, मुलं सांभाळायला म्हणून. तिथे पोचल्यावर मुलं नाहीत, स्वयंपाकघर आणि फरशी. मालकांसमोर ती जवळजवळ मुकी. पण तिच्या मनातलं बोलणं आपल्याला सतत ऐकू येतं, आणि ते अस्खलित फ्रेंचमध्ये, दुसऱ्याच बाईच्या आवाजात. समोर तोंड मिटलेलं आणि आत उसन्या भाषेचा पूर. ठरवून केलं की परिस्थितीने केलं यावर लोक वाद घालोत. बघताना मात्र अंगावर येतं. एका प्रसंगात तिच्या आईचं पत्र येतं. तिला वाचता-लिहिता येत नाही, म्हणून मालक ते वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तरही लिहायला बसतो! ती न बोलता पत्र उचलते आणि फाडते. इथे सबटायटल नाही. लागत नाही.

जिना:

इतके दिवस नुसती वाचनमात्र होते. डबिंगच्या वादात एक गोष्ट सांगावीशी वाटली.

माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी सिनेमा बघत असले की ती शेजारी येऊन बसते आणि मी मधे मधे सांगते, हा त्याचा भाऊ, ती म्हणतेय उद्या ये. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) असाच लावला होता. म्हातारा-म्हातारी ओनोमिचीहून टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केस कापायचं दुकान चालवते, दोघांना वेळ नाही. वेळ काढते ती सून, युद्धात गेलेल्या मुलाची बायको, सेत्सुको हाराने केलेली नोरिको. तीच त्यांना शहर फिरवते.

आईला मी काही सांगायच्या आत ती म्हणाली, ही सून असणार. म्हटलं कशावरून? म्हणाली, बसलीय बघ कशी. लेक अशी बसत नाही. ओझूचा कॅमेरा खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला लावलेला असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. आईने ते वाचलेलं नव्हतं, पण कोण कुठे आणि कसं बसतं ते तिला त्याच उंचीवरून दिसत होतं.

मग मुलं त्या दोघांना अतामीला पाठवतात, समुद्रकाठच्या हॉटेलात. रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या कठड्यावर बसतात आणि घरी परत जायचं ठरवतात. उठताना म्हातारीचा तोल जातो, क्षणभर. मी खालची ओळ वाचत होते. आई म्हणाली, "हिला बरं नाहीये." मी मागे नेऊन पुन्हा लावलं, तेव्हा दिसलं.

मी तो सिनेमा त्याआधी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा ती जागा मला बोलून दाखवल्यावर कळली होती, दिसली नव्हती. त्यानंतर मी आईला सांगणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं.

रातकिडा:

जिना, मी लिफ्टबद्दल एवढं लिहिलं आणि तुमच्या आईने एका वाक्यात निकाल लावला. लिहीत राहा हो, वाचनमात्र काय!

पानगळ:

+१. आणि त्या नोरिकोबद्दल एक. ती सासूसासऱ्यांना सासूबाई-मामंजी अशा अर्थाच्या वेगळ्या शब्दाने हाक मारत नाही. जपानीत सासऱ्यालाही वडिलांसारखीच हाक. ऐकत राहिलं की 'ओतोसामा', 'ओकासामा' कानाला लागतं. सख्खी लेकही आई-बाबाच म्हणते, सूनही. फरक वागण्यात. सिनेमा सगळा त्या फरकावर उभा आहे.

जपानी दिग्दर्शक कोरेएदाचा 'शॉपलिफ्टर्स' (२०१८) याच जातीचा. एका छपराखाली राहणारी, रक्ताची नसलेली माणसं. त्यातला माणूस पोराच्या मागे लागलेला असतो, एकदा तरी 'बाबा' म्हण. पोरगा म्हणत नाही. आणखी काही सांगत नाही, मी ठोकताळा नाही.

ठोकताळा:

टोमणा पोचला.

खिडकीतली सीट:

भाषेच्या गोंधळावरच अख्खा सिनेमा हवा असेल तर 'द बँड्स व्हिजिट' (२००७), एरान कोलिरिन. इजिप्तच्या पोलिसांचं वाद्यवृंद पथक कार्यक्रमासाठी इस्रायलमध्ये येतं. जायचं असतं पेताह तिकव्हाला, पोचतात बेत हातिकव्हाला, ओसाड वाळवंटी गावात. का? अरबीत 'प' नाही, ओठांवर 'ब' येतो. एका व्यंजनाने बसच बदलली! निळ्या कडक गणवेशातले ते आठ जण रिकाम्या रस्त्यावर वाद्यांच्या पेट्यांसकट उभे असलेले पाहून पोट धरून हसलो. पण रात्र चढते तसं हसू मावळत जातं.

मौज पुढे आहे. अरबीवाल्यांना हिब्रू येत नाही, हिब्रूवाल्यांना अरबी, मग दोघंही मोडक्या इंग्रजीत बोलतात. आणि तेवढ्याचसाठी ऑस्करच्या परभाषी गटातून तो बाद झाला: इंग्रजी फार! दोघांच्याही घरची नसलेली इंग्रजी. नायजेरियाचा 'लायनहार्ट'ही २०१९मध्ये असाच बाद, बहुतेक संवाद इंग्रजीत म्हणून. तिथे तर इंग्रजी राजभाषाच आहे. त्याच वर्षी त्या गटाचं नाव 'फॉरेन लँग्वेज' बदलून 'इंटरनॅशनल' केलं होतं. पाटी बदलली, नियम तोच.

कासव:

मला 'परभाषी' हाच शब्द आवडतो. 'फॉरेन' म्हटलं की तो त्यांचा सिनेमा होतो, परभाषी म्हटलं की नुसती भाषा परकी.

दहा वर्षांच्या भाचीला काय दाखवू? सबटायटल वाचायचा तिला कंटाळा. (मामावर गेलीय.)

जिना:

'द रेड बलून' (१९५६), आल्बेर लामोरिस. ३४ मिनिटं, पॅरिसमधला एक पोरगा आणि त्याच्या मागे कुत्र्याच्या पिल्लासारखा फिरणारा लाल फुगा. संवाद जवळजवळ नाहीतच, आणि तरी त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं! करड्या गल्ल्यांत तेवढा एकच रंग. शेवटाकडे फुग्याच्या बाबतीत पोरं वाईट वागतात, तेव्हा शेजारी बसा.

आणि 'आभाळाची पोरं' तर हवाच. बहिणीचे बूट भावाने हरवले, आता एकाच जोडीत दोघांची शाळा, ती सकाळी, तो दुपारी. गल्लीच्या तोंडाशी धापा टाकत बूट बदलतात. भाचीला काही वाचायला लागणार नाही.

अर्धविराम:

लहान मुलांवरून आठवलं, मोठ्यांसाठी: अब्देररहमान सिसाकोचा 'टिंबक्टू' (२०१४). गावावर बंदूकधाऱ्यांनी कब्जा केलाय. गाणं बंद, फुटबॉल बंद. धुळीच्या मैदानात पोरं खेळतायत: पास, हेडर, गोलकीपरची उडी, गोल झाल्यावर मिठ्या. फक्त चेंडू नाही. बंदूकवाले मोटरसायकलवरून चक्कर मारायला येतात तेव्हा पोरं झटकन व्यायाम करायला लागतात. ते गेले की पुन्हा तोच अदृश्य चेंडू.

त्या सिनेमात अरबी आहे, फ्रेंच आहे, तमाशेक आहे, आणखीही आहेत. हुकूम सोडणाऱ्यांना गावकऱ्यांची भाषा येत नाही म्हणून दुभाषे लागतात. सबटायटलमध्ये सगळ्या भाषा एकाच पांढऱ्या अक्षरांत. कोण कुणाच्या भाषेत धमकावतोय हे कान उघडे ठेवल्याशिवाय कळत नाही.

दोनओळी:

हे मात्र आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. भाषेगणिक रंग बदलावा, तिरपी अक्षरं वापरावीत, असं काही ठिकाणी करतात. बहुतेक ठिकाणी करत नाहीत.

माझी जागा राहिलीच की. 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया' (२०११), तुर्कस्तानचा नूरी बिल्गे जेलान. रात्रभर पोलीस, वकील, डॉक्टर आणि आरोपी मोटारींतून पुरलेलं प्रेत शोधत फिरतात. आरोपीला जागा आठवत नाही. माणसं थकून फुटकळ बोलत असतात, आणि मी त्यातलं किती कसं बसवलं असेल याचा मनातल्या मनात हिशोब करत असतो. तेवढ्यात कुणीतरी झाड हलवतो. एक सफरचंद खाली पडतं, उतारावरून घरंगळतं, ओहोळात पडतं, पाण्याबरोबर वाहत जातं. कॅमेरा त्याच्याबरोबर. शेवटी ते आधीच अडकलेल्या दोन-चार कुजक्या सफरचंदांपाशी जाऊन थांबतं. मागे माणसांचं बोलणं चालूच आहे, सबटायटलही चालू आहेत, आणि मी, ज्याचं पोट सबटायटलवर चाललं, मी एकही वाचलं नाही. कासवराव, हा अडीच तासांचा आहे. तुम्ही राहू द्या.

कासव:

धागा वर काढतोय.

भाचीला लाल फुगा दाखवला. संपल्यावर ती म्हणाली, परत लाव. मग ती झोपल्यावर, म्हटलं बघू, खिडकीतल्या सीटवाल्यांचा 'खाने-ये दूस्त' लावला. झोपलो नाही. आईच्या धुण्याच्या प्रसंगाला तर मी पडद्याला उत्तरं द्यायला लागलो, अहो ऐका ना त्याचं! पोरगा नागमोडी वाटेने टेकडी चढतो, उतरतो, परत चढतो. अंधार पडायला लागतो तसतसा मी पुढे सरकून बसत गेलो. भुताचा सिनेमा असल्यासारखा. गोष्ट काय, तर एक वही.

शेवटच्या मिनिटात वही उघडतात तेव्हा आत काय असतं ते लिहीत नाही. पानगळताई टपून बसल्या असतील.

पुढचा सांगा. दोन तासांच्या आतलाच.